पोकिप्सीचा दगड आणि थोरला दवाखाना

टपाल खात्यात एकतीस वर्षे काढल्यामुळे मला एक खोड लागली आहे. जुन्या पत्राचा उल्लेख वाचनात आला, की त्यात काय लिहिले होते यापेक्षा ते कोणत्या वाटेने गेले असेल, त्यावर कुठे कुठे शिक्के उमटले असतील आणि किती दिवसांनी ते पोहोचले असेल, याचाच विचार आधी मनात येतो. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र शाळेत असल्यापासून मी अनेकदा वाचले होते. परंतु त्यांच्या अमेरिकेच्या प्रवासाला ज्या पत्राने सुरुवात झाली ते पत्र १८७८ साली आमच्या कोल्हापुरातून गेले होते, आणि ते लिहिणारे त्यांचे पती गोपाळराव माझ्यासारखेच टपाल खात्यातील कारकून होते, ही गोष्ट निवृत्तीनंतर सवडीने वाचत असताना प्रथमच माझ्या नजरेत भरली. आनंदीबाई म्हटले की आपल्याला कल्याण आठवते, पुणे आठवते आणि फिलाडेल्फिया आठवते. कोल्हापूर आठवत नाही, निदान मला तरी आठवत नव्हते.

गेल्या वर्षी मुलीकडे न्यू जर्सीला अडीच महिने राहण्याचा योग आला, तेव्हा विमानतळावरून घरी पोहोचण्याआधीच जावयांनी बघण्याच्या स्थळांची यादी वाचून दाखवली. नायगारा, वॉशिंग्टन, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, सगळे तीत होते. मी म्हटले, "ते सगळं बघूच, पण एक दिवस मला पोकिप्सीला न्या." "आई, तिथं काय आहे?" असे त्यांनी विचारले. "दफनभूमी," असे मी सांगितल्यावर गाडीत थोडा वेळ कोणीच बोलले नाही.

न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकातून हडसन नदीच्या काठाकाठाने जाणारी गाडी सुमारे दोन तासांत पोकिप्सीला पोहोचते आणि तिथेच तिचा मार्ग संपतो. जाताना डाव्या बाजूच्या खिडकीशी बसावे, म्हणजे नदी शेवटपर्यंत सोबत राहते. दफनभूमी गावाच्या दक्षिणेला आहे आणि इतकी विस्तीर्ण आहे की तेथे चौकशी केल्यावाचून कोणाचाही दगड सापडणे कठीण. कार्यालयातील बाईंनी नकाशाच्या झेरॉक्स प्रतीवर निळ्या पेनने वाट आखून दिली. तो कागद मी उलटा धरल्यामुळे आम्ही पाऊण तास भलत्याच उतारावर फिरत राहिलो, आणि पत्ते वाचण्यात जिचा जन्म गेला तिला हे शोभत नाही, असे मुलीने ऐकवूनही घेतले.

शेवटी सापडला तो दगड कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आहे. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात आनंदीबाईंचे निधन झाले, तेव्हा त्यांना बावीसावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्यांची रक्षा गोपाळरावांनी, अमेरिकेत ज्यांच्या घरी त्या प्रथम उतरल्या होत्या त्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवली आणि या बाईंनी ती आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवून वर दगड उभा केला. अक्षरांच्या खाचांत शेवाळ धरले होते. मी ते नखाने थोडे खरवडले आणि मग आपण दुसऱ्याच्या देशात आहोत हे आठवून हात मागे घेतला. शिक्षणासाठी देशाबाहेर पडलेली ही पहिली ब्राह्मण स्त्री, अशा आशयाचा मजकूर त्यावर आहे. हडसनच्या काठी जातीचा उल्लेख वाचताना मला अवघडल्यासारखे झाले. दगड उभारणाऱ्यांच्या दृष्टीने ती नवलाईची आणि कौतुकाची गोष्ट असणार, हे समजण्यासारखे आहे. पण ज्या पुण्यात आनंदीबाईंनी शेवटचा श्वास घेतला त्याच पुण्यात त्या वेळी जोतीराव फुले हयात होते, आणि त्यांनी १८७३ मध्येच आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या तेथील सज्जनांना अर्पण केले होते. एकाच काळात महाराष्ट्रातून अमेरिकेकडे पाहणाऱ्या या दोन नजरा किती वेगळ्या होत्या, हे मला पुस्तकात कधी जाणवले नव्हते. ते त्या दगडापुढे जाणवले. दगडावर कोल्हापूरचे नाव नाही. ते असण्याचे कारणही नव्हते, तरी मी शोधले.

या दफनभूमीच्या शेजारीच सॅम्युएल मोर्स यांची जुनी हवेली आणि बाग आहे. तारेची लिपी ज्यांच्या नावाने ओळखली जाते तेच हे मोर्स. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत तारघरातला तो कट्ट-कडकट्ट आवाज मी रोज ऐकलेला असल्यामुळे तेथेही अर्धा तास रेंगाळले. मात्र त्याविषयी लिहू लागले तर मूळ पत्र बाजूलाच राहील.

तर ते पत्र. १८७८ साली कोल्हापूरला रेल्वे नव्हती. ती आली १८९१ मध्ये. म्हणजे गोपाळरावांचे पत्र कराड-साताऱ्यावरून सडकेने पुण्याला, पुण्याहून रेल्वेने मुंबईला, तेथून बोटीने सुएझच्या कालव्यातून युरोपला आणि मग अटलांटिक ओलांडून अमेरिकेला गेले असणार. सुएझचा कालवा खुला होऊन तेव्हा नऊच वर्षे झाली होती. याहून महत्त्वाची बाब अशी, की १८७४ मध्ये स्वित्झर्लंडमधील बर्न येथे झालेल्या करारातून जो जागतिक टपाल संघ उभा राहिला त्यात अमेरिका आरंभापासून होती आणि हिंदुस्थान १ जुलै १८७६ रोजी सामील झाला. त्यापूर्वी परदेशी पत्राचा खर्च वाटेतल्या देशांशी झालेल्या निरनिराळ्या करारांप्रमाणे बदलत असे. संघ झाल्यावर ठरावीक दराचे तिकीट लावले की पत्र पलीकडच्या टोकाला पोहोचू लागले आणि ते वाटून देण्याची जबाबदारी तिकडच्या टपाल खात्याने घेतली. सामान्य पगारदार माणसाला अमेरिकेशी पत्रव्यवहार करणे परवडू लागले ते या दोन-तीन वर्षांत. गोपाळराव पोस्टातलेच असल्यामुळे हे इतरांच्या आधी त्यांना ठाऊक झाले असणार, असे मी धरून चालते. चरित्रकारांनी त्यांचा हट्टी आणि विक्षिप्त स्वभाव भरपूर रंगवला आहे आणि त्यांच्या हाताखाली त्या मुलीने काय सोसले असेल याची कल्पना करताना मलाही त्यांचा राग येतो. पण टेबलावरच्या दरपत्रकाकडे पाहून ज्याला अमेरिका जवळ आलेली दिसली, त्या कारकुनाबद्दल मला आपुलकीही वाटते.

पत्र गेले रॉयल गूल्ड वायल्डर यांना. न्यू शाहूपुरीतील वायल्डर मेमोरियल चर्चवरून मी वर्षानुवर्षे कामावर जात होते आणि वायल्डर हे एका चर्चचे नाव आहे, यापलीकडे त्याचा कधी विचार केला नव्हता. हे गृहस्थ १८१६ मध्ये अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात जन्मले, १८४६ मध्ये मिशनच्या कामासाठी अहमदनगरला आले आणि १८५२ च्या अखेरीस कोल्हापुरात दाखल झाले. अमेरिकन मिशनचे लोक १८१३ पासून मुंबईत होते. मुलींच्या शाळेमुळे फुले दांपत्याच्या चरित्रात ज्यांचे नाव येते त्या अहमदनगरच्या सिंथिया फरार याच मिशनच्या. कोल्हापूर मात्र त्यांच्या नकाशावर वायल्डर यांच्यामुळे आले. गोपाळरावांनी पत्र लिहिले तेव्हा वायल्डर अमेरिकेला परत जाऊन प्रिन्स्टन येथून मिशनच्या कार्याविषयी एक नियतकालिक चालवत होते. पत्नीला अमेरिकेत शिकवायचे आहे आणि स्वतःलाही तेथे काम मिळाले तर हवे आहे, असे गोपाळरावांनी त्यांना कळवले होते. वायल्डर यांनी ख्रिस्ती होण्याचा आग्रह धरला. गोपाळरावांनी तो मानला नाही. वायल्डर यांनी हा सारा पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापून टाकला.

छापण्यामागे त्यांचा हेतू मदतीचा होता असे मला वाटत नाही. हिंदुस्थानातील सुशिक्षित हिंदू मनुष्य आपल्या धर्माला कसा चिकटून राहतो, याचा नमुना म्हणून ते छापले असावे. परंतु छापलेला कागद कोणाच्या हाती पडेल यावर छापणाऱ्याचा ताबा नसतो. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असताना तो अंक त्यांच्या हाती पडला, पंधरा-सोळा वर्षांच्या त्या मुलीची शिकण्याची इच्छा त्यांच्या मनात भरली आणि त्यांनी हिंदुस्थानात पत्र पाठवले. हे १८८० साल. पुढची तीन वर्षे या दोघी एकमेकींना न पाहता पत्रे लिहीत राहिल्या, आणि जोशींची बदली होईल त्या गावी ती पत्रे पोहोचत राहिली. बदलीच्या गावी पत्र वळवून देणे, याला आमच्या कामात फारसा मान नाही. ज्याने कोणी त्या पत्रांवर जुना पत्ता खोडून नवा घातला असेल, त्याची मात्र मला फार आठवण येते.

रोझेल मुलीच्या घरापासून दूर नाही, म्हणून एका संध्याकाळी तिकडून चक्कर मारली. आता ते इतर उपनगरांसारखेच आहे. परंतु जानेवारी १८८३ मध्ये एडिसनने खांबांवरून तारा ओढून विजेचे दिवे लावलेले हे पहिले गाव. आणि त्याच वर्षीच्या जून महिन्यात कलकत्त्याहून निघालेल्या आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरून या गावी कार्पेंटरबाईंच्या घरी आल्या. अठरा वर्षांच्या त्या मुलीने संध्याकाळी रस्त्यावरचे ते दिवे पाहिले असतील.

फिलाडेल्फियात आम्ही रीतीप्रमाणे लिबर्टी बेलच्या रांगेतही उभे राहिलो. अमेरिकन स्वातंत्र्याचे प्रतीक असलेली ती घंटा मुळात १७५२ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपलमधून ओतवून आणली होती, ती तडकली, मग फिलाडेल्फियातल्या कारागिरांनी तेच धातू वितळवून पुन्हा ओतली, आणि आज दिसणारी तडा गेलेली घंटा ती हीच. जावयांना ही हकिकत फार आवडली. मला ज्या महाविद्यालयाचे आकर्षण होते ते १८५० मध्ये केवळ स्त्रियांसाठी स्थापन झालेले वैद्यकीय महाविद्यालय आता स्वतंत्रपणे अस्तित्वात नाही. त्याचा वारसा ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आहे आणि त्याचे जुने दप्तरही तेथेच जपलेले आहे. त्या दप्तरातले एक छायाचित्र संगणकावर कोणालाही पाहता येते, आणि मी ते मुलीच्या घरी, जेवणाच्या टेबलावर बसून इतके मोठे करून पाहिले की शेवटी नुसते ठिपके दिसू लागले.

ते १० ऑक्टोबर १८८५ चे आहे. तीन विद्यार्थिनी ओळीने आपापल्या देशाच्या पोशाखात आहेत: लुगड्यातल्या आनंदीबाई, किमोनो घातलेल्या जपानच्या केई ओकामी आणि तेव्हा तुर्की साम्राज्यात असलेल्या सीरियातून आलेल्या साबात इस्लामबुली. तिघींपैकी कोणाच्याही चेहऱ्यावर हसू नाही, त्या काळच्या छायाचित्रांत ते नसतेच. मी पाहत होते ते आनंदीबाईंच्या डोळ्यांखालच्या सावल्या. थंडी, अपुरे आणि न मानवणारे अन्न, अभ्यास आणि आधीपासूनची नाजूक प्रकृती हे सगळे ठाऊक असल्यामुळे त्या सावल्या दिसल्या की काय, हे सांगता येणार नाही. पुढच्याच वर्षी, ११ मार्च १८८६ रोजी, त्यांना एम. डी. ही पदवी मिळाली, आणि त्या समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम येऊन हजर होत्या. आनंदीबाईंच्या प्रबंधाचा विषय प्राचीन आर्यांमधील प्रसूतिशास्त्र हा होता.

आणि मग पुन्हा कोल्हापूर येते. अमेरिकेत असतानाच आनंदीबाईंना कोल्हापूर संस्थानाकडून आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री विभागाच्या प्रमुख डॉक्टरपदी नेमणूक मिळाली. शाहू महाराज त्या वेळी जेमतेम बारा वर्षांचे होते आणि राज्याचा कारभार त्यांच्या वतीने चालत होता, तेव्हा याचे श्रेय महाराजांना देता येत नाही, जरी आमच्याकडे प्रत्येक चांगल्या गोष्टीचे श्रेय त्यांना देण्याची सवय असली, आणि ती बहुतेक वेळा योग्यही असली. आनंदीबाईंनी नेमणूक स्वीकारली. न्यूयॉर्कमधील स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याचे अनावरण २८ ऑक्टोबर १८८६ रोजी झाले तेव्हा त्या परतीच्या वाटेवर होत्या. नोव्हेंबरच्या मध्यास त्या मुंबईत उतरल्या. क्षय बळावला होता. पुण्याहून पुढे कोल्हापूरपर्यंतचा रस्ता त्यांना झेपला नाही.

हे रुग्णालय म्हणजेच आमचे सीपीआर. सरकारी कागदांवर छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, जुन्या माणसांच्या तोंडी थोरला दवाखाना. माझ्या सासूबाईंनी शेवटपर्यंत दुसरे नाव घेतले नाही. मूळ इमारत मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यावरून उभी राहिली. नवा राजवाडाही त्यांचाच. फ्लॉरेन्समध्ये १८७० साली कोल्हापूरचे तरुण राजाराम महाराज परतीच्या प्रवासात वारले, त्यांच्या स्मरणार्थ तेथील उद्यानात जी छत्री उभी आहे तिचाही आराखडा मँट यांनीच केला. परदेशी निघालेला माणूस घरी न पोहोचण्याची ही कोल्हापुरातील दुसरी गोष्ट. राजाची छत्री तिकडे बांधली गेली, आणि डॉक्टरीणबाईंचा दगडही तिकडेच.

दुसऱ्या दिशेचा प्रवासही याच सुमारास चालू होता. वायल्डर यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरात जन्मला आणि प्रिन्स्टनला शिकला. १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसेच्युसेट्समधील माउंट हर्मन येथे भरलेल्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात, परदेशी मिशनवर जाण्याची तयारी शंभर विद्यार्थ्यांनी दाखवली, त्यामागे हा कोल्हापूरचा मुलगा होता. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीने पुढे हजारो अमेरिकन तरुण देशोदेशी पाठवले. धर्मांतराच्या हेतूबद्दल माझे मत वर लिहिलेच आहे. पण मिरजेला जाऊन बरे होऊन आलेली माणसे आमच्याही घरात आहेत, आणि मिरजेत १८९४ मध्ये रुग्णालय उभारणारे डॉ. विल्यम वानलेस, जन्माने कॅनेडियन असले तरी, आले होते ते अमेरिकन मिशनमार्फतच. रॉयल वायल्डर स्वतः १८८७ मध्ये, म्हणजे आनंदीबाईंच्याच वर्षी, न्यूयॉर्कला वारले.

परत आल्यावर माणगावलाही जाऊन आले. हातकणंगले तालुक्यातील या गावी २१ आणि २२ मार्च १९२० रोजी बहिष्कृत वर्गाची परिषद भरली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते आणि शाहू महाराज आवर्जून उपस्थित राहिले. त्या अध्यक्षांचे शिक्षण १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात झाले होते. तेथील लेहमन ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा आहे. या खेपेस तो पाहणे जमले नाही. माणगाववर स्वतंत्रपणे लिहायला हवे, ते पुढे कधीतरी.

आनंदीबाईंसाठी राखलेल्या त्या कामाचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी डॉ. कृष्णाबाई केळवकर या कोल्हापूरच्याच मुलीने याच रुग्णालयात काम सुरू केले, आणि त्यांना शिकण्यासाठी मुंबईला व पुढे परदेशी पाठवणारे मात्र खरोखरच शाहू महाराज होते. माझी थोरली मुलगी, जिच्याकडे मी अमेरिकेत राहून आले ती, याच दवाखान्यात जन्मली. त्या वेळी या कशाचीही मला माहिती नव्हती.

परवा सकाळी मुद्दाम सीपीआरला गेले. टाऊन हॉलच्या बाजूने आत शिरून जुन्या दगडी इमारतीच्या कमानींकडे मान वर करून पाहत उभी होते, तेव्हा खाटेवरच्या कोणाचा तरी डबा घेऊन एक बाई धक्का देऊन पुढे गेल्या आणि पहारेकरी माझ्याजवळ आला.

"कुणाला भेटायचं हाय, मावशी? वॉर्ड नंबर सांगा."

"कुणाला नाही. इमारत बघायला आलेय."

त्याने मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिले. "मग तिकडं सावलीला हुबं ऱ्हावा," तो म्हणाला, "हितनं स्ट्रेचर जातोय."